वाचकांचे प्रश्न : पहिले रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर

प्रश्न : माझा नातू अकरावीत शिकतो. रेडिओवर चालणारे हेलिकॉप्टर हवे, असा त्याचा दोन वर्षांपासूनचा हट्ट आहे. रावपुऱ्यातल्या खेळण्यांच्या दुकानात ते दोन हजारांत मिळते, आणि तो स्वतः संगणकावर दाखवतो त्याची किंमत कितीतरी पटींनी जास्त असते. दिसायला मला दोन्ही सारखीच वाटतात. हा फरक कशाचा आहे? सगळे मिळून तीस हजारांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. पण ते पैसे पहिल्याच दिवशी जमिनीवर आपटू नयेत, एवढीच इच्छा. काय घ्यावे, आणि आधी काय घ्यावे?
— एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : फरक पात्यांच्या कोनाचा आहे. खेळण्यांच्या दुकानातील हेलिकॉप्टरला बहुधा एकावर एक असे दोन पंखे असतात, ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात आणि त्यांच्या पात्यांचा कोन कारखान्यातच कायमचा ठरलेला असतो. वर न्यायचे तर मोटर जोरात फिरवायची, खाली आणायचे तर हळू करायची, एवढेच त्याचे तंत्र. असे यंत्र दिवाणखान्यात आपले आपण स्थिर राहते आणि गच्चीवर नेले की पहिल्या झुळकीबरोबर शेजाऱ्यांकडे जाते.

आपला नातू दाखवतो ते यंत्र ‘कलेक्टिव्ह पिच’ प्रकारचे असणार. त्यात मुख्य पंख्याचा वेग जवळजवळ कायम ठेवलेला असतो आणि उडता उडता पात्यांचा कोन बदलला जातो. तीन छोटे सर्व्हो, म्हणजे आदेशाप्रमाणे दांडा फिरवणाऱ्या मोटरी, स्वॉशप्लेट नावाची तबकडी वर-खाली करतात किंवा एका बाजूला कलवतात, आणि तबकडीला जोडलेल्या बारीक दांड्या त्याप्रमाणे पाती वळवतात. कोन साधारण ५ ते ६ अंश असला की यंत्र एका जागी तरंगते, वाढवला की चढते, आणि शून्याच्या खाली नेला की पाती हवा वरच्या दिशेने ढकलू लागतात; काही हेलिकॉप्टरे पाठीवर उडताना दिसतात ती याच करामतीने. या दोहोंच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे, ज्यात मुख्य पंखा एकच असतो, शेपटीला छोटा पंखाही असतो, पण पात्यांचा कोन मात्र बदलत नाही. दिशेची सवय होण्यापुरता तो ठीक आहे. मात्र ज्या मुलाची हौस दोन वर्षे टिकली आहे त्याला या दोन पायऱ्या चढायला लावून पैसे दोनदा खर्च करू नयेत, असे माझे मत आहे. सरळ लहान आकाराचे कलेक्टिव्ह पिच हेलिकॉप्टर घ्यावे.

परंतु ते सर्वांत आधी घेऊ नये. आधी ट्रान्समीटर घ्यावा, म्हणजे हातात धरायचा रेडिओ. हेलिकॉप्टर पडणार, मोडणार, दोन वर्षांनी बदलले जाणार. चांगला ट्रान्समीटर मात्र पुढच्या तीन-चार यंत्रांपर्यंत साथ देतो. तो निदान सहा चॅनेलचा, म्हणजे सहा वेगवेगळे आदेश पाठवू शकणारा असावा, त्याच्या मेनूमध्ये हेलिकॉप्टरसाठी वेगळी व्यवस्था असावी आणि तो यूएसबी वायरने संगणकाला जोडता यावा. ‘रेडिओमास्टर’सारख्या काही कंपन्यांचे ट्रान्समीटर वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरशी, म्हणजे यंत्रात बसवलेल्या संदेश घेणाऱ्या भागाशी, बोलू शकतात; नवशिक्याला हा गुण फार उपयोगी पडतो, कारण उद्याचे हेलिकॉप्टर कोणत्या कंपनीचे असेल ते आज ठाऊक नसते. खरेदीच्या वेळी ‘मोड १’ की ‘मोड २’ असे विचारतील. मोड २ मध्ये चढ-उताराची दांडी डाव्या हाताला असते. नातवाला शिकवणारे कोणी जवळपास असेल तर त्यांचा जो मोड तोच घ्यावा, नसेल तर मोड २ घ्यावा. शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ त्याच पद्धतीचे असतात.

त्यानंतर सिम्युलेटर. ‘रिअलफ्लाइट’, ‘हेली-एक्स’, ‘नेक्स्ट’ अशी संगणकावरची सिम्युलेटर मिळतात आणि तोच ट्रान्समीटर जोडून ती चालवता येतात. अनेक पालकांना हा संगणकावरच्या खेळाचा फाजील खर्च वाटतो. प्रत्यक्षात याच खर्चाने पुढचे सर्व खर्च कमी होतात. हेलिकॉप्टरची शेपटी आपल्याकडे असते तोवर डावे ते डावेच राहते. त्याचे तोंड आपल्याकडे वळले की दांडी डावीकडे ढकलल्यावर यंत्र आपल्या उजव्या हाताला जाते, आणि घाबरलेला नवशिका नेमकी उलटी दांडी दाबून ते जमिनीत घालतो. ही उलट विचार करण्याची सवय समजावून सांगून लागत नाही, बोटांनाच लागावी लागते. यंत्राचे तोंड आपल्याकडे असताना पडद्यावर ते चार-पाच मिनिटे एका जागी धरता आले, म्हणजे मैदानावर जाण्याची वेळ झाली असे समजावे. त्याआधी नातवाने कितीही विनवले तरी आजोबांनी बधू नये.

आता हेलिकॉप्टर. ‘एक्सके’ कंपनीच्या ‘के-११०’च्या वर्गातील, वीतभर पंख्याची आणि २५० ग्रॅमपेक्षा कितीतरी हलकी यंत्रे या वयाला योग्य आहेत. गवतावर पडल्यास पुष्कळदा त्यांना काहीच होत नाही, आणि शांत सकाळी किंवा मोठ्या सभागृहात ती उडवता येतात. त्यांचा एक दोष मात्र आहे: दहा-पंधरा मीटर दूर गेली की शेपटी कुठे आणि तोंड कुठे ते दिसेनासे होते, म्हणून ती जवळच ठेवावी लागतात. याउलट ३२५ मिलिमीटर पात्यांचे ‘४५०’ वर्गाचे यंत्र वाऱ्यात जास्त स्थिर उडते आणि दुरूनही ओळखू येते, त्यामुळे दुकानदार तेच सुचवतील. पण त्याच्या पंख्याचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर असतो, आणि तो मिनिटाला २,५०० फेऱ्या घेऊ लागला की पात्यांच्या टोकांचा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर होतो. सोळा वर्षांच्या मुलाने ते एकट्याने शिकू नये.

विक्रेत्याकडे किंमत विचारण्याआधी सुट्या भागांची चौकशी करावी. मुख्य पाती, मेन शाफ्ट, पाती धरणारा आडवा फेदरिंग शाफ्ट, मेन गिअर, टेल बूम म्हणजे शेपटीची नळी आणि खालचे स्किड म्हणजे उतरण्याचे पाय, एवढे सहा भाग त्याच्या कपाटात असतील तरच ते यंत्र घ्यावे. “मागवून देऊ” हे उत्तर नकारच समजावा. परदेशी संकेतस्थळावरून पूर्ण यंत्र मागवण्याच्या फंदात तर पडूच नये. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारची बंदी आहे, आणि चार पंख्यांचे यंत्र व एका पंख्याचे यंत्र यांत भेद करत बसणारा कस्टम अधिकारी आपल्याच वाट्याला येईल, असा भरवसा धरता येत नाही. तीस हजारांपैकी हेलिकॉप्टरवर निम्म्याहून कमी रक्कम जावी, आणि पात्यांचे दोन-तीन जोड व मेन गिअर पहिल्याच दिवशी घरात यावेत.

प्रश्न : मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात अभियांत्रिकी शिकतो. प्रकल्पासाठी चार पंख्यांचा ड्रोन बनवताना मी सहा चॅनेलचा फ्लायस्काय ट्रान्समीटर घेतला होता. तोच ४५० वर्गाच्या हेलिकॉप्टरला चालेल का? ड्रोन मला चांगला उडवता येतो.
— एक विद्यार्थी, फतेहगंज

उत्तर : आरंभाला चालेल. आपल्या ट्रान्समीटरच्या मेनूमध्ये यंत्राचा प्रकार ‘हेलिकॉप्टर’ असा निवडता येतो का, थ्रॉटल कर्व्ह आणि पिच कर्व्ह (दांडीच्या जागेप्रमाणे मोटरचा जोर आणि पात्यांचा कोन ठरवणाऱ्या रेषा) वेगवेगळे आखता येतात का आणि ‘थ्रॉटल होल्ड’ (मोटर तत्काळ बंद करण्याची सोय) एखाद्या स्विचवर बसवता येतो का, एवढे पाहावे. या सोयी असतील तर नव्या ट्रान्समीटरचे पैसे चांगल्या गायरोवर, म्हणजे यंत्राचा झुकाव ओळखून ते सावरणाऱ्या उपकरणावर, खर्च करावेत.

ड्रोन उडवण्याच्या अनुभवाचा उपयोग दिशा ओळखण्यापुरता होईल. डाव्या दांडीची सवय मात्र मोडावी लागेल. ड्रोनमध्ये ती दांडी खाली ओढली की मोटरी मंदावतात. हेलिकॉप्टरमध्ये ती ओढली की पाती ऋण कोनात जातात आणि पूर्ण वेगाने फिरणारा पंखा यंत्राला जमिनीवर दाबतो. ड्रोन उडवणारे पहिल्या उड्डाणात धोका दिसताच दांडी झटकन खाली घेतात आणि टेल बूम कापून घेतात. धोका दिसला की बोट ‘थ्रॉटल होल्ड’च्या स्विचवर गेले पाहिजे. म्हणून तो स्विच दांडी न सोडता बोट पोहोचेल अशाच जागी बसवावा, आणि पंखा थांबलेला असतानाही त्याचा सराव करावा.

जुळणीच्या वेळी दोन गोष्टी सांभाळाव्यात. आजच्या बहुतेक यंत्रांत फ्लायबार, म्हणजे पंखा स्थिर ठेवणारी आडवी दांडी, नसतो; त्याचे काम इलेक्ट्रॉनिक गायरो करतो, आणि तीन सर्व्होंचे १२० अंशांचे मिश्रणही, म्हणजे त्यांच्या हालचालींचा मेळ घालण्याचे कामही, तोच करतो. अशा वेळी ट्रान्समीटरमधील मिश्रण बंद ठेवायचे असते. दोन्हीकडे चालू राहिले तर स्वॉशप्लेट भलतीकडेच कलते, आणि कारण न सापडल्यामुळे माणूस निर्दोष सर्व्हो बदलत बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे गायरोची दिशा. मोटरच्या तारा सोडून ठेवाव्यात, मुख्य आणि शेपटीची पाती काढावीत, मग बॅटरी जोडावी आणि यंत्र हातात धरून त्याचे नाक खाली झुकवावे. स्वॉशप्लेट मागच्या बाजूला कलली पाहिजे, म्हणजे यंत्र झुकले तरी तबकडी जमिनीला समांतर राहण्याची धडपड करते आहे असे दिसले पाहिजे. ती पुढे कलली तर गायरोची दिशा उलटी आहे आणि ते यंत्र जमीन सोडताक्षणी उलथेल. डावी-उजवी बाजू व शेपटी यांचीही तपासणी अशीच करावी. शेवटी ट्रान्समीटर बंद करून मोटरला मिळणारा आदेश शून्यावर येतो की नाही तेही पाहावे. गायरो निवडताना ‘रेस्क्यू’ची सोय असलेला मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. तो स्विच दाबल्यावर यंत्र आपोआप सरळ होऊन वर चढते, आणि गोंधळलेल्या हातांना विचार करायला दोन क्षण मिळतात.

प्रश्न : एका परिचितांकडे ४५० वर्गाचे जुने हेलिकॉप्टर आहे. फ्लायबारचे आहे, बरीच वर्षे माळ्यावर पडून होते. ट्रान्समीटर, चार्जर आणि तीन बॅटऱ्यांसह ते नऊ हजारांत द्यायला तयार आहेत. घ्यावे का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : ते गृहस्थ यंत्र आपल्यासमोर उडवून दाखवत असतील तर विचार करावा. नुसते सुरू करून दाखवले तर घेऊ नये.

फ्लायबार असणे हा दोष नाही. जर्मनीच्या डिटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास रेडिओवरची व्यवहार्य हेलिकॉप्टरे उडवून दाखवली, त्यानंतर कित्येक वर्षे सारी यंत्रे याच आडव्या दांडीवर आणि तिच्या टोकांच्या वजनदार पट्ट्यांवर स्थिर राहात होती. त्यात दांड्या आणि सांधे जास्त असतात, म्हणून पडल्यावर दुरुस्तीला वेळ अधिक लागतो, इतकेच. तैवानच्या अलाइन कंपनीच्या ‘टी-रेक्स ४५०’ची नक्कल इतक्यांनी केली की त्या मापाचे भाग अजूनही सापडतात, आपल्या परिचितांचे यंत्र त्या मापाचे आहे का, हे आधी विचारावे.

बॅटऱ्यांची किंमत शून्य धरावी. वर्षानुवर्षे माळ्यावर राहिलेल्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या फुगलेल्या नसल्या तरी त्यांवर उडवू नये. ट्रान्समीटर जुन्या, क्रिस्टल बदलाव्या लागणाऱ्या पद्धतीचा असेल तर त्याचीही किंमत शून्य. आजचे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. उरते ते यंत्र. फेदरिंग शाफ्ट काढून घेता आला तर तो काचेच्या टेबलावर ठेवून बोटाने हळूच घरंगळवावा. सरळ असेल तर तो शांतपणे जातो. किंचितही वाकलेला असेल तर काच आणि शाफ्ट यांच्यामध्ये प्रकाशाची फट उघडते, मिटते, पुन्हा उघडते. डोळ्यांना न दिसणारा बाक त्या फटीत दिसतो, आणि तोच बाक उडताना साऱ्या यंत्राला थरथर लावतो. त्यानंतर प्रत्येक सर्व्होचा दांडा हाताने अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. मध्येच कुठे खट्कन सुटल्यासारखे वाटले तर आतील चाकाचा दात गेलेला आहे. मेन गिअरचे दात पूर्ण फेरी फिरवून पाहावेत. पात्यांच्या मुळाशी बारीक रेघ दिसली तर ती पाती तिथेच नाकारावीत.

घेतलेच, तर पहिल्या रविवारी उडवू नये. धातूत धातू बसणारा प्रत्येक स्क्रू काढून, पुसून, निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रावाचा, ठिपका लावून पुन्हा बसवावा. त्यासाठी १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे हेक्स स्क्रू-ड्रायव्हर घ्यावेत. स्वस्त एल-चावीने स्क्रूचे डोके एकदा गोल झाले की तो ड्रिल केल्याशिवाय निघत नाही. मोटरचा पिनियन, म्हणजे तिच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक, मेन गिअरशी जुळवताना मध्ये वहीच्या कागदाची अरुंद पट्टी धरावी, मोटर तिच्यावर टेकवून स्क्रू आवळावेत आणि मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दातांचे ठसे सारख्या अंतराने उठले आणि ती फाटली नाही, तर फट योग्य आहे. हिशेब करता नऊ हजार मला जास्त वाटतात. पाच-सहा हजारांत मिळाले तर यंत्र समजून घेण्यासाठी ते उत्तम आहे.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी घेतलेली ३ सेलची, २२०० एमएएच क्षमतेची बॅटरी मे महिन्यात फुगली. विक्रेता म्हणतो की दोष उन्हाचा आहे. खरे काय?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि बंद मोटारीत तर बॅटरी भाजूनच निघते. पण बहुतेक बॅटऱ्या पूर्ण भरून तशाच ठेवल्यामुळे फुगतात. शनिवारी रात्री बॅटरी सेलमागे ४.२ व्होल्टपर्यंत भरायची, रविवारी वारा म्हणून उडवायची नाही आणि पुढच्या रविवारपर्यंत तशीच कपाटात ठेवायची, असे आपल्याकडून होत असेल तर कारण तेच. दुसऱ्या दिवशी उडवायचे नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा; चार्जरमध्ये यासाठी ‘स्टोरेज’ नावाची सोय असते. ती नसलेला चार्जर घेऊच नये.

भरताना २२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ नये, सर्व सेल सारखे भरणारी बॅलन्सची वायर नेहमी जोडावी, आणि उड्डाणानंतर बॅटरी पूर्ण निवल्याशिवाय पुन्हा चार्जरला लावू नये. उडवताना सुमारे ८० टक्के क्षमताच वापरावी. त्यासाठी ट्रान्समीटरचा टायमर प्रथम चार मिनिटांवर ठेवावा आणि भरताना चार्जरने किती एमएएच परत घातले ते पाहावे; आकडा १७५० च्या बराच खाली असेल तर टायमर थोडा वाढवावा, वर असेल तर कमी करावा. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, तिच्यावर “शेवटचे एक उड्डाण” करू नये. चार्जिंग कोटा फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर आणि कोणीतरी खोलीत असतानाच करावे.

प्रश्न : सयाजीबागेत किंवा पोलो मैदानावर सकाळी लवकर उडवले तर चालेल का? उत्तरायणाच्या दिवसांत काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : नाही, चालणार नाही. ‘ड्रोन नियम, २०२१’ मध्ये मानवरहित विमानाची व्याख्या इतकी व्यापक आहे की रेडिओवरचे हेलिकॉप्टर तिच्या बाहेर राहात नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. आपला विमानतळ हरणीला, म्हणजे गावाला लागूनच असल्यामुळे रावपुरा, सयाजीबाग, पोलो मैदान ही सगळी ठिकाणे त्या ८ किलोमीटरच्या आत येतात. शिवाय सयाजीबागेत भल्या पहाटेही फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे तिथे नियम नसता तरीही उडवणे योग्य ठरले नसते. २ किलोपर्यंतच्या यंत्राला हौसेखातर उडवताना रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय. नोंदणीची अट आणि हवाई क्षेत्राचा नकाशा सरकारी संकेतस्थळावर पाहून मगच जागा ठरवावी.

पादरा गावाच्या बाजूला भाजीपाल्याची शेते आहेत. ओळखीच्या शेतकऱ्याची संमती घेऊन कापणी झालेल्या रानात, ऊन चढायच्या आत उडवणे सोयीचे पडते. कोयलीकडे तेलशुद्धीकरण कारखाना आहे, त्या दिशेला जाण्याआधी नकाशा विशेष काळजीने पाहावा. मातीवरून थेट उडवू नये. धूळ सर्व्होत आणि बेअरिंगमध्ये जाते. तीन-चार फुटांचा प्लायवूडचा तुकडा पुरतो. कापड अंथरू नये, ते उडून पंख्यात जाते. ४५० वर्गाचे यंत्र असेल तर आपण स्वतः निदान दहा मीटर मागे उभे राहावे आणि बघ्यांना आपल्याही मागे ठेवावे.

उत्तरायणाच्या दिवसांत, खरे तर डिसेंबरच्या मध्यापासून, यंत्र घरीच ठेवावे. १४ आणि १५ जानेवारीला आकाशात पतंगांची दोरी असते. त्यानंतर कित्येक आठवडे ती झाडांवर, तारांवर आणि शेतांच्या कुंपणांवर लोंबकळत राहते, आणि काच लावलेला मांजा उडवणाऱ्याला दुरून अजिबात दिसत नाही. मैदानावर पोहोचल्यावर प्रथम पायी फेरी मारून जमिनीवरचे धागे गोळा करावेत. शेपटीच्या पंख्यात धागा गेल्याची शंका जरी आली, तरी उतरवून बॅटरी काढावी, शेपटीची पाती आणि त्यांची पकड सोडवावी आणि शाफ्टच्या मुळाशी भिंगातून पाहावे. धाग्याचे दोन-तीन वेढे बेअरिंगच्या कडेखाली शिरलेले असतील तर ते ओढून काढू नयेत. बेअरिंग नवे घालावे.